बोअर क्रमांक तीन

साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा
पाऊण मीटरवरून सोडायचा.
पहिल्या पंधरा सेंटीमीटरचे ठोके मोजायचे, पण धरायचे नाहीत;
ते नळी बसती होण्याचे.
पुढच्या तीसचे तेवढे खरे.

मेरशीच्या खाजनात, बांधाच्या आतल्या अंगाला
तिपाई उभी आहे. पाणी हातभरावरच लागलं.
रुझार दोरी ओढतो, मी वहीत रेघा मारते.
चार मीटरपर्यंत काळा चिखल, कुजल्या खारफुटीचा वास,
मग आवाज बदलतो.
"रेंव," रुझार म्हणतो, मी नळी उघडायच्या आधीच.
बारीक, राखाडी, एकसारखी,
आणि तिच्यात तिसरीचा एक अख्खा शिंपला,
मिटलेला.
चार ठोके. फक्त चार.

दाणा दाण्याला टेकून उभा असतो,
मधल्या फटीत पाणी गप्प.
जमीन हादरली की दाणे आवळून बसू बघतात,
पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही,
ते सगळा भार अंगावर घेतं
आणि काही क्षण तिथे जमीन नसते.
अहवालात याला द्रवीभवन म्हणतात.
रुझार ओल्या काठावर पाय घुसळून दाखवतो,
घोट्यापर्यंत जातो, हसतो.
चप्पल शोधायला मग दोघांना वाकावं लागतं.

दुपारी मालकांचे कुंकळ्येकर आले, छत्री घेऊन.
"इथे धरणीकंप कोणी पाहिलाय, बाई?
वीस खाटांचा दवाखाना आहे, काही हॉटेल नव्हे."
वही उलटी धरून वाचली त्यांनी.
"चारच्या डाव्या अंगाला एक काडी ओढली
की चौदा."
थट्टाच होती. बहुतेक.

त्या काडीवर पाच मजले, वीस खाटा,
रात्रपाळीची नर्स, सलाइनची बाटली.

रात्री हिशेब केला:
मातीची ताकद भागिले हादऱ्याची मागणी,
शून्य पूर्णांक सात.
एकाच्या खाली.
लिहिलं: नऊ मीटरपर्यंत खडीचे खांब ठोकून रेती घट्ट करावी,
नाहीतर कपेलाच्या मागे जांभ्यावर जागा बघावी.
खर्च वाढेल, हेही लिहिलं.
बांध घालणाऱ्यांनी शेतं खाली ठेवली, घरं टेंबावर;
त्यांच्याकडे हातोडा नव्हता.
हे मात्र खोडलं. अहवालात बसत नाही.

सकाळी भरतीने मानशीचं दार आपसूक मिटलं होतं.
"आयज खंय?" रुझारने विचारलं.
वीस पावलं पुढे, म्हटलं,
आणि शाई वाळलेल्या चारखाली
नवी रेघ आखली.