भाग सातवा, उजवीकडून

ऋजुतानं दिलेलं पुस्तक मी उलटं वाचलं.
उलटं म्हणजे आपल्या हिशोबानं सरळच,
दुपारी, चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना,
नंबर तपासायच्या तक्त्याखाली बसून.
जपानी चित्रांची गोष्ट. भाग सातवा:
वर्गाची सहल समुद्रावर जाते.
आधीचे सहाही तिच्याकडे आहेत,
पण हातात ठेवला तो हाच.
का, ते विचारायचं राहिलं.

तर माझ्या वाचनात असं झालं:
आधी सगळे गाडीत, एकमेकांच्या खांद्यांवर झोपलेले.
मग रात्र. आकाशातली फुलं आक्रसत आक्रसत
नळकांड्यांत परत शिरली.
तो तिच्या कानाशी वाकला होता,
तो एकेका चौकटीनं मागे सरकला.
डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या पोरानं काठी उचलली
आणि फुटलेलं कलिंगड अखंड झालं.
तिच्या गालांवरच्या तिरक्या रेघा, लाजेच्या,
कुणीतरी खोडरबरानं पुसल्या.
ओले केस वाळले.
शेवटच्या पानावर दोघं स्टेशनात,
दोन वेगळ्या खांबांना टेकून,
जणू ओळखच नाही.

रात्री मला जेवण गेलं नाही.
शेवसुद्धा नको म्हणालो.
आमच्या घरात शेव नको म्हणणं म्हणजे तापच,
आईनं कपाळाला हात लावून पाहिला.

सकाळी पोह्यांच्या गाडीवर तिला म्हटलं,
इतकी दुःखी गोष्ट कशाला दिलीस गं?
"दुःखी?"
मी सांगितली. पहिल्यापासून, म्हणजे शेवटापासून.
ती हसत सुटली. जीरावण नाकात गेलं,
डोळ्यांतून धारा,
पोहेवाल्यानं न मागता पाण्याचा ग्लास पुढे केला:
"क्या बोल दिया भिया मैडम को?"
मग जलेबीचा चिकट हात ओढणीला पुसून
तिनं माझी तर्जनी धरली
आणि पानाच्या उजव्या कोपऱ्यावर टेकवली.
"इथून. मग इकडे. मग खाली."
अख्खं पान फिरवून आणली.
सोडायला विसरली. किंवा नाही विसरली.

उजवीकडून कलिंगड फुटतं.
उजवीकडून गाल रंगतात.
एकच चौकट दोन्हीकडून सारखी:
वर आतषबाजी, खाली त्याचं उघडं तोंड,
आणि बोलण्याचा फुगा कोरा.
"काय म्हणाला असेल?"
"चष्म्याचा नंबर," मी म्हणालो.
पाच वर्षं झाली, ऐन वेळी मला असलंच सुचतं.

समुद्र आम्ही पाहिलाच नाही असं नाही.
ती शाळेतून गेली होती, तिथं तिला गोवर निघाला.
मी मामाच्या लग्नात; तेव्हा नेमकी ओहोटी होती,
चिखल बघून आम्ही पंगतीला परत आलो.

तेवढ्यात तिच्या आईचा फोन: नळ आले!
एक दिवसाआड येतात, वाट बघत नाहीत.
ती स्कूटरवर, मी मागे, पुस्तक शर्टाच्या आत.
सुदामानगर, तिसरा मजला, वर गच्ची.
टाकी आधीच भरून वाहत होती.
ही नर्मदा. आपल्या वाटेनं गेली असती
तर भरूचच्या पुढे तिला समुद्र होता.
मधेच उचलून, घाट चढवून
हिला पागनिसांच्या गच्चीवर आणली आहे,
आणि तिथं ती घोट्यापर्यंत साचली आहे,
कारण पन्हाळीत पिंपळाची पानं अडकली आहेत.

ऋजुतानं सलवार दुमडली.
एक चप्पल तरंगत कठड्याला लागली.
खाली मोटार घरघरत होती, अख्खी गल्ली ऐकेल अशी,
आणि मी म्हणून टाकलं.

"काय?"
पुन्हा म्हणालो.
"अरे, काहीच ऐकू येत नाहीये! थांब,
मोटार बंद करून येते. हलू नकोस."

एकोणीस अधिक एकोणीस अधिक एकोणीस पायऱ्या.
तिच्या ओल्या पावलांचा आवाज पहिल्या वळणापर्यंत आला.
मी पाण्यात उभा आहे,
तोंड अजून उघडंच.
मोटार चालू आहे.

मोटार बंद झाली.