चार अंश

सपाटीवर ठीक.
टेकडीचा चढ लागला की ट्रक मागे मागे पाहतो,
घरी काहीतरी विसरल्यासारखा.
सायलेन्सरमधून एक फुसका बार, मग दुसरा,
आणि पाठीवर पाच टन बार्ली
आणखी जड होत जाते.

सहासष्ट सालचा शेवरोले. सहा सिलिंडर, एका ओळीत.
एक पाच तीन सहा दोन चार,
ठिणगीचा हा पाढा मी शाळेच्या आधी शिकले.
पहिलीत आकडे म्हणायला उभी राहिले
आणि कोवालचुक बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली.
तातोनं ती चिठ्ठी ट्रकच्या दारात आतून चिकटवली.
अजून आहे. शाई गेली, गोंद आहे.

पॉइंट घासले. पात्यानं फट मोजली.
कंडेन्सर नवा, टोपी नवी, वायरी नव्या.
प्लग फळीवर मांडले तर सहाही सारखेच करडे,
साक्षीला आणलेले आणि तोंड न उघडणारे.

मग लेस्टर प्रूडन आला टायमिंग गन घेऊन.
व्हॅक्यूमची नळी काढली, तिच्या तोंडात
गोल्फची खुंटी ठोकली, दिवा पुलीवर धरला.
गरगरणारं लोखंड त्या लखलखाटात जागच्या जागी उभं.
खडूची रेघ चारावर.
बरोब्बर चारावर.
"दिवा खोटं बोलत नाही," लेस्टर म्हणाला
आणि कॉफी मागितली.

तीन दिवस.
शेतात कंबाइन पोट भरून थांबलेलं,
रेडिओवर शुक्रवारी दहिवर पडणार म्हणतात,
आणि आम्ही कार्ब्युरेटर खोलतोय, पुन्हा लावतोय.

तातो कॅनोरातल्या आश्रमात आहे.
झटक्यानंतर शब्द त्याच्यापर्यंत पोचतात,
परत निघायला वेळ घेतात.
नर्सनं फोन त्याच्या चांगल्या कानाशी धरला,
मी माझा बॉनेटखाली.
इंजिन बोललं. तो ऐकत राहिला.
मी बंद करणार, एवढ्यात
"पिझ्नो," तो म्हणाला.
उशिरा.
लेस्टरला वाटलं, झोपायची वेळ सांगतोय.
मलाही वाटलं, क्षणभर.

एक नंबरचा प्लग काढला. भोकावर अंगठा.
लेस्टर खालून पान्यानं क्रँक फिरवतोय, सावकाश.
अंगठ्याखाली हवा दाटली, ढकलू लागली.
मग आईची विणायची लाकडी सुई आत सोडली:
चढली, चढली, थबकली, उतरू लागली.
थोडं मागे. थोडं पुढे. दोन्हींच्या मध्ये माथा.
पिस्टन माथ्यावर,
आणि पुलीवर चक्क बारा वाजलेले.

पुली म्हणजे दोन कडी, मध्ये रबर.
रबर म्हातारं होतं, हे पुस्तकात असतं.
बाहेरचं कडं वर्षानुवर्षं केसाकेसानं सरकलं
आणि रेघ बरोबर घेऊन गेलं.
दिवा खरंच बोलत होता,
ज्या रेघेबद्दल बोलत होता तिनं घर बदललं होतं.

आता सांगायलाच हवं:
बर्फ वितळताना मीच तो डिस्ट्रिब्युटर फिरवला होता.
तातोनं लावलेला मला चुकलेला वाटला.
रेघ पाहिली, दिवा पाहिला, सुधारला,
आणि लेस्टरला सांगितलंही नाही.

क्लॅम्प सैल केला. हातात घेऊन वळवत गेले
तसं इंजिन खोकायचं थांबलं, आवाज भरला.
डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी
तेलाच्या काळ्या सायीखाली छिन्नीचा ओरखडा निघाला.
ब्लॉकवर त्याचा जोडीदार.
दोन्ही समोरासमोर आले तेव्हा
लेस्टर म्हणाला, "असू दे तिथेच."
फक्त चढावर दाणे वाजल्यासारखं टकटकलं,
म्हणून परत उतरून अर्धा केस मागे घेतलं.

टेकडी चढली. तिसऱ्या गियरमध्ये.

आश्रमात फोन लावला, तो झोपला होता.
नर्स म्हणाली, निरोप देऊ का?
काय देणार. नको म्हटलं.
एलिव्हेटरवरच्या मुलीनं मूठभर बार्ली यंत्रात ओतली,
ओलावा साडेतेरा, चालेल म्हणाली,
आणि इंजिन बंद करा, काही ऐकू येत नाही.