सात शिरा

जुव्याच्या पुलावरून उतरले तेव्हा भरती होती.
स्कूटरच्या डिकीत बर्फाचा डबा, चिमटा
आणि चाळीस नळ्या, चाळीस झाडांसाठी.

आनास्तासियाच्या मळ्यात भेंडी पिवळी पडली होती.
आधी पान नाही, पानाच्या शिरा,
कुणी हळदीच्या काडीने
एकेक रेघ गिरवत गेल्यासारख्या.
पांढरी माशी असते तरी केवढी,
कणीची कणी.
सोंडेतून एक निरोप सोडते
आणि पेशीला तो आपलाच वाटतो.
ती त्याच्या नकला काढत बसते,
रात्रंदिवस, उपाशी.

एकोणचाळीस झाडे अशी. बांधाकडचे एक
खाली पिवळे, वर हिरवे.
तीन पाने हरले, चौथ्याला सावरले.

"हे कसे?"
मी तिला खाजनाची मानस दाखवली.
तिचे दार कोण लावते?
भरतीच लावते. नदी चढते, फळी मिटते,
ओहोटीला आतले पाणी ती उघडते.
तसा एक रेणू जनुकाच्या उंबऱ्यावर बसलेला.
खाऱ्याची चाहूल लागली की
आतल्या कात्र्यांना हाक मारतो.
त्या परक्या निरोपाचे तुकडे करतात,
एकवीस-एकवीस अक्षरांचे,
आणि तेच तुकडे हातात धरून
उरलेल्याचा माग काढत जातात.
चोराच्या चपलेवरून चोर.

"मग दार कायमचेच लावून ठेवावे."
लावले होते. एल्याच्या काचघरात, मीच, गेल्या वर्षी.
रोप आजारी पडले नाही.
वाढलेही नाही. वीतभर राहिले.
सगळे अन्न पहाऱ्यातच संपले,
फूल एक नाही.
ती हसली. "आमच्या काशियानासारखे."
काशियान कोण, ते मी विचारले नाही.

दुपारी तिने जेवू घातले.
उकडा भात, सुंगटे घालून भेंडी,
आंबटाला बिंबले.
दुसऱ्यांदा वाढताना म्हणाली,
"त्याच हिरव्या झाडाची गो. बाकीच्यांना चवच ना."

माझा घास तिथेच थांबला.
चाळिसाव्या नळीत पान होते, बर्फात, सुखरूप.
पण बी?
बी मी चावत होते.

मग दोघी वाकून शोधत राहिलो,
ती पुटपुटत, मी घामाने चष्मा पुसत.
बुंध्याजवळ, पानामागे एक सापडली:
निबर, सुरीला दाद न देणारी,
म्हणून राहिलेली.
सात शिरा. मी बोटाने मोजल्या,
तिने पुन्हा मोजल्या.
तिने देठाला रिबनची चिंधी बांधली,
मी चिकटपट्टीवर तारीख लिहिली,
आणि खाली, अगदी बारीक अक्षरात:
शिजवू नये.

पुलावर आले तेव्हा पाणी उतरत होते.
खाली मानशीची फळी
थोडी हलली,
मग थोडी अजून.