मुका खांब

अँब्रोजने पिशवी दारातच ठेवली.
बुटांना बर्फ आहे, म्हणाला, आत येत नाही.
न्यूफाउंडलंडात बर्फ कुणाच्या बुटांना नसतो,
नोव्हेंबरपासून थेट मे उजाडेपर्यंत?

पिशवीत अर्धं पांघरूण,
शेवटच्या फासात अडकून राहिलेली सुई,
मुठीला गुंडाळलेली हॉकीची काळी चिकटपट्टी,
आणि वीजबिलाच्या पाठीवर फिलोमिनाचं अक्षर:
एकशे बेचाळीस साखळ्या.
मग मुके खांब, नुसते मुके खांब.
खाली रेघ मारून, बाकीचं लक्षात आहे.

आता कुणाच्या?

अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
कारण सांगण्याजोगं नाही. चर्चच्या विक्रीतलं
खिडकीपाशचं एक टेबल, उजेडाचं.
तिथली माझी पांघरुणं उचलून तिने आपली मांडली.
पुढे ते टेबल गेलं, चर्चला कुलूप लागलं,
मासळीचा कारखाना तर त्याच्याही आधी.
आमचं न बोलणं तेवढं
गावात चालू स्थितीत उरलं.

सुई सोडवून पुढचा टाका घ्यायला गेले
तर घरं इतकी आवळलेली
की सुईची चोचसुद्धा आत शिरेना.
बाई गं, कशाला एवढं आवळायचं ते!
मी मोठ्याने म्हणाले, रिकाम्या स्वयंपाकघरात.
अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.

माझा हात मुळातच सैल.
आई म्हणायची, हिच्या विणीतून अख्खा कॉड निसटेल;
वडिलांच्या जाळ्यांना तिने मला कधी हात लावू दिला नाही.
तरी लोकर बोटाला दोनदा वेढली,
श्वास धरला, एक ओळ विणली.
ओळ फिलोमिनाची दिसली.
दुसऱ्या ओळीच्या मध्यावर फेरीबोटीचा भोंगा झाला,
खिडकीशी जाऊन आले,
बसले तर हात पुन्हा माझाच.

राखाडी लोकर संपली. शहरातून आणवली,
ती एक छटा उजळ निघाली.
निघू दे.

मग एका रात्री, दिव्याखाली,
तिच्या सव्विसाव्या ओळीत एक टाका गळलेला सापडला.
फिलोमिनाचा! चष्मा पुसून तीनदा मोजलं.
आनंद झाला, खोटं कशाला बोलू.
पण लगेच वरच्या ओळीत
तिने एका घरात दोन खांब घालून
हिशेब गुपचूप जुळवला होता,
बोट फिरवल्याशिवाय कळू नये असा.
हे मीही करते.
आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही.

बराच वेळ बोट तिथेच राहिलं.
चहा निवला.

मार्चच्या शेवटी टोक आलं.
टेबलावर पसरलं तर
तिच्याकडे एकशे बेचाळीस, माझ्याकडेही एकशे बेचाळीस,
आणि तरी माझी बाजू वीतभर रुंद.
पांघरूण कसलं, होडीचं शीड.
उसवावं का? तिचं उसवणं हातून झालं नसतं,
आणि माझं उसवलं
तर मी पुन्हा असंच विणलं असतं.

अँब्रोज आला. या वेळी बूट काढून.
काठावरून अंगठा सरकवत नेला, एका जागी थांबला.
इथून तू.
हो.
नात अल्बर्टात असते, तेलाच्या खाणीपाशी,
तिथली थंडी कोरडी म्हणे, हाडाला लागते.
त्याने घडी घातली, परत उलगडली.
पाय कुठल्या बाजूला?

रुंद बाजू पायांकडे, मी म्हणाले,
पोरगी आजीवर गेली असेल तर झोपेत लाथा मारेल.
ब्लूबेरीच्या दिवसांत टेकडीवरच्या खोपटात
आम्ही दोघी एका रजईत निजायचो,
नऊ-नऊ वर्षांच्या.
सकाळी माझ्या पायांवर वळ असायचे.

अँब्रोज काही बोलला नाही.
वाकला,
आणि मोज्यावरूनच आपली नडगी चोळली.