अनंताची कुंडी

जाताना क्लोतिल्दने कुंडी दिली
आणि कुंडीपेक्षा जड ताकीद.
काठावर खडूची खूण आहे, ती पूर्वेला ठेव.
फिरवू नकोस, रोहिदास.
फुलाला बोट लावू नकोस, उमटतं.
जागा बदलली की अनंत रुसतो,
भरलेल्या कळ्या टाकून देतो.
हे सांगणारी बाई एकाहत्तराव्या वर्षी
दहा बोटांचे ठसे देऊन
मुलामागून स्विंडनला निघाली होती.
मी काही बोललो नाही.
दिवाडीच्या धक्क्यावर तिची बॅग तेवढी फेरीत चढवली.

तिच्या अंगणातून माझ्या अंगणात बावीस पावलं.
तरी त्याला कळलं.
आठवड्यात सतरा कळ्या खाली,
हिरव्या, पीळ घातलेल्या,
न उघडलेल्या छत्र्यांसारख्या.
मग पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.
चौतीस वर्षं मी फेरीचं इंजिन सांभाळलं,
आवाजावरून दुखणं ओळखायचो.
हे मुकं.

फोनवर ती म्हणाली, भिंतीपासून लांब घे.
तुझ्या भिंतीला शिंपल्यांचा चुना,
पावसात तो मातीत उतरतो.
अनंताला आंबट माती लागते, अरे बाबा.
पण तूच म्हणालीस ना, हलवू नको?
फिरवू नको म्हटलं. सरकव.
दोन्ही वेगळं असतं.

जांभ्याची माती चाळली. काजूचा कुजका पाला.
पंधरा दिवसांनी पातळ ताक.
मे महिन्यात विहीर खारावते,
तेव्हा नळाचं पाणी, रात्रभर बादलीत ठेवलेलं.
दाढीच्या जुन्या ब्रशने, साबणाच्या फेसाने
एकेका पानामागचे पांढरे ढेकूण पुसले.
दर रविवारी ती पान उलटं धरायला लावते.
फुलाचं कधी विचारत नाही.

परवा रात्री वीज गेली
आणि अंधारात कुणीतरी आल्यासारखा वास आला.
सकाळी पाहतो तर एकच फूल,
आणि पाकळीवर तपकिरी डाग, बोटाएवढा.
पदेराच्या पोराला दरडावलं.
तो सायकलवरूनच म्हणाला,
मी पाव अडकवतो आणि जातो, अंकल.
चष्मा लावला.
डागाच्या मधोमध आडवी चीर होती,
इंजिनाच्या पट्ट्याने माझ्या अंगठ्यावर काढलेली,
अगदी तीच.

आज रविवार. फोन वाजला.
कुंडी फिरवली नाही, फोनच धरला असा
की डाग पलीकडे राहील.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, छान.
आता मागून दाखव.