निळी की हिरवी

आधी राउटर हलवला मांडणीवरून.
स्टीलच्या डब्यांमागे बसून
तो फक्त तूरडाळीशी बोलत होता.

मग आबा म्हणाले, भिंतीत पाइप आहे की,
शहाऐंशी साली मीच टाकलेला, फोनचा.
टेलिफोन खात्यातली तीस वर्षं.
चुनाभट्टी ते शीव, एकेका खांबाशी ओळख.

जुनी तार नुसती उपसू नकोस,
तिच्याच शेपटाला नवी बांध.
आणि दोन्ही टोकांना आधी चिठ्ठी लाव,
नंतर देवालाही कळत नाही कुठली कुठे जाते.

मोरीच्या कोपऱ्यात अडकली.
टाल्कम पावडर चोळली. आली.

आठ बारीक तारा. आबांचा अंगठा
वेणी सोडवावी तसा त्या सरळ करत गेला,
आणि थांबला.
ही निळी की हिरवी?

मोतीबिंदूचं दिवाळीनंतर बघू, म्हणत होतो आम्ही.

मी रंग सांगत गेले.
पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी,
निळी, आबा, आता निळी.
त्यांनी पक्कड दाबली.

दिवा लागला. माळ्यावरच्या जुन्या लॅपटॉपला
कायमचा पत्ता दिला, शेवटी चौदा.
हाक मारली. एका मिलिसेकंदात ओ.

आबा स्क्रीनपाशी वाकले,
सवयीनं जरा मोठ्यानं विचारलं:
हॅलो, पलीकडे कोण?