हातचा

टॅम्रा स्लोननं कागद माझ्या टेबलावर ठेवला,
औषध कंपनीनं फुकट वाटलेल्या पॅडचा.
बेचाळीस क्रेडिट. एकाचे नऊशे डॉलर.
खाली रेघ. सदतीस हजार आठशे.
शेजारी, जरा बारीक अक्षरात,
पदवीनंतरची पगारवाढ: वर्षाला तीन हजार एकशे.
भागाकार दोनदा केलाय, खाडाखोड दिसते.
बारा वर्षं, वर दोन महिने.
"व्याज धरलं नाही," ती म्हणाली,
"धरलं तर अर्जच करणार नाही मी."

तिला एकोणचाळिसावं चालू आहे.

बाहेर केंटकीचा मार्च, डोंगर अजून उघडे,
कोळशाचे ट्रक आता क्वचितच जातात.
आमचं काउंटीचं आरोग्य खातं
बुटांच्या एका बंद पडलेल्या दुकानात.
भिंतीवर फळ्यांच्या खुणा, साइज सहा, साइज सात,
त्यांच्या खाली लसींचा फ्रिज.

ड्वेन म्हणतो, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?
तो शाळेची बस चालवतो,
आणि त्याच्या गुडघ्याचा विमा टॅम्राच्या नोकरीवर आहे.
चुकीचं काही बोलत नाही तो.

तिला माझ्याकडून शिफारसपत्र हवंय.
मला, जिच्या खात्यातून अकरा वर्षं
दर चौदा तारखेला चारशे बारा डॉलर जातात
आणि मुद्दल तसूभर हललेलं नाही.
काय शिकलीस त्यात, असं तिनं विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं: छेद.
वर तीन आजारी असतील तर खाली किती माणसं,
हे विचारल्याशिवाय घाबरायचं नाही
आणि निर्धास्तही व्हायचं नाही.
एवढंच. बाकी सगळं विसरले.
एवढ्यासाठी इतके पैसे? हो. नाही. माहीत नाही.

पण ऑगस्टमधली ती रात्र.
साडेदहाला तिचा फोन:
"पिजन फोर्कच्या चार पोरांना जुलाब,
चौघांची आडनावं वेगळी, शाळा वेगळ्या,
पण चर्चच्या जेवणाला चौघंही होती,
आणि त्या मागच्या पंपाचं पाणी
मी लहानपणी प्यायलेय, त्याला वास येतो."
सकाळी आम्ही पंपाला कुलूप लावलं.
बाटल्या भरल्या तिनं, दारं ठोठावली तिनं,
म्हाताऱ्या मिसेस रॅटलिफला समजावलं तिनं,
जी सरकारी माणसाला अंगणात उभं करत नाही.
किती जणांनी पाणी प्यायलं असेल, तेवढं मी विचारलं.

अहवालाच्या शेवटी चौकट होती:
पात्र अधिकाऱ्याची सही.
माझी सही छान येते, मोठी, तिरकी.
तिचं नाव मागच्या पानावर, "सहकार्य" या शब्दाखाली,
पाण्याच्या बाटल्या पुरवणाऱ्या दुकानानंतर.
राजधानीतून अभिनंदनाचं पत्र आलं
ते मी खणात ठेवलं.
तिला दाखवलं नाही. अजून तिथंच आहे.

लहानपणी बेरीज करताना
एक अंक डोक्यावर बारीक लिहायचा असे,
पुढच्या घरात मिळवायला.
तो विसरला की उत्तर सुबक दिसायचं, आणि चुकायचं.

आता हा अर्ज विचारतो:
उमेदवाराला आपण किती वर्षं ओळखता, कोणत्या नात्यानं?
तिची पगारवाढ मी वाढवू शकत नाही.
पुढच्या जूनमध्ये अनुदान राहील का,
हे पद राहील का, ते मलाच कुणी सांगितलेलं नाही.
ती चौकट तिला सदतीस हजार आठशेला पडणार.
घे, असं म्हणायला जीभ रेटत नाही.
घेऊ नकोस म्हणायला तर त्याहून नाही.

मी खण उघडते. राजधानीचं पत्र काढते,
आधी ते तिला देईन, मग अर्ज भरेन.
ती फ्रिजपाशी वाकलीय.
"चार अंश," म्हणते, घड्याळ बघते,
वहीत आकडा लिहून पुढं सही करते.
त्या वहीत तिची सही चालते.